मदत हवी आहे: गोडा मसाला फोटोत मातीसारखा दिसतो, शूटची तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी आणि सासूबाई सदाशिव पेठेत घरातूनच मसाले-चटण्या विकतो. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट आणि कारळाची, जवसाची, लसणाची चटणी. आत्तापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीपाळखीत खपत होतं म्हणून फोटोंवाचून काही अडलं नाही, पण दिवाळीआधी वेबसाइट आणि अ‍ॅमेझॉन दोन्हीकडे टाकायचंय, त्यामुळे एक दिवसाचं नीट शूट करायचंय आणि तेही गणपतीच्या आधी, कारण नंतर आमच्या गल्लीत फोटोग्राफरची गाडी सोडा, स्कूटरपण शिरत नाही.

मागच्या वर्षी एकदा करून पस्तावलोय. फोटोग्राफर लग्नाचे फोटो झकास काढतो, पण गोडा मसाला असा आला की नणंद म्हणाली, वहिनी, कुंडीतली माती का विकताय? कारळाची चटणी म्हणजे डांबर, कांदा-लसूण मसाला चक्क भगवा, आणि बरणीच्या काचेत मी, तो आणि मागचा फ्रिज. आठ हजार गेले. चूक आमचीपण, काहीच ठरवलं नव्हतं, तो आल्यावर काय काय काढायचंय म्हणाला तर सासूबाई म्हणाल्या, आधी चहा घ्या.

तर स्टुडिओ घेऊ की घरीच करू? हॉलला उत्तरेची मोठी खिडकी आहे. पारंपरिक दिसावं म्हणून लाकडी पाट आणि पितळी डबा घासून ठेवलाय. आणि मागचा म्हणाला होता की फोटो वेबसाइटवर वापरायचे तर वेगळे पैसे, असं असतं का?

लेन्सवाला:
ताई, तो पाट आधी माळ्यावर टाका. तपकिरी मसाला तपकिरी लाकडावर ठेवल्यावर माती नाही दिसणार तर काय! खाली फिकट काहीतरी घ्या, साधी करडी फरशी किंवा पांढरा सुती पंचा. उजेड समोरून नको, बाजूने येऊ दे, मग मसाल्याचा कण न् कण उठतो. शेजारी दगडफूल, नागकेशर, भाजलेलं खोबरं ठेवा म्हणजे कशाचा ढीग आहे ते न सांगता कळतं.
भगव्याचं कारण बहुतेक खिडकीचा उजेड आणि घरातला पिवळा बल्ब एकत्र झाले असणार. शूटला घरातले सगळे दिवे बंद. उत्तरेची खिडकी असताना स्टुडिओवर पैसे घालवू नका. खिडकीला बटर पेपर, बरणीच्या बाजूंना पांढरे कार्डशीट उभे केले की फ्रिज गायब. काचेची कड उठून दिसायला काळ्या कार्डशीटच्या अरुंद पट्ट्या. सगळं अप्पा बळवंत चौकात मिळेल.

कोथरूडकरीण:
आधी लेबल फायनल करा हो! एफएसएसएआयचा (म्हणजे अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर, हिरवा शाकाहारी ठिपका, सगळं छापून झाल्यावरच शूट. मी उलटं केलं, नंतर लेबल बदललं आणि सगळे फोटो बाद.
अ‍ॅमेझॉनच्या मुख्य फोटोला मागे शुद्ध पांढरं लागतं आणि चौकटीचा ८५ टक्के भाग वस्तूने भरलेला. तिथे दगडफूल-बिगडफूल चालत नाही. म्हणून सहाही बरण्या पांढऱ्यावर सकाळीच उरकून घ्या, मग वाटीतले, शेवटी गोड्या मसाल्याची आमटी, चटणी-भाकरी वगैरे. कागदावर लिहून भिंतीला चिकटवा आणि झालं की खूण करा. भाकऱ्या मात्र ऐनवेळी, वातड झाल्या की फोटोतपण कळतं.
पैशाचं म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्हीच, उलट काही करार केला नसेल तर. म्हणून कोटेशनवर सही करण्याआधी खालचं बारीक अक्षर वाचा.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे! पाट गेला माळ्यावर. सासूबाई वाटणारे हात दाखवायला तयार आहेत, फक्त बांगड्या कुठल्या यावर चर्चा चालू आहे. एक राहिलंच, या पावसाळी हवेत वाटीत काढलं की दहा मिनिटांत गुठळ्या होतात, त्याला काय करायचं?

लेन्सवाला:
कॅमेरा, उजेड लावेपर्यंत वाटीत दुसरं काहीतरी ठेवा, अगदी गव्हाचं पीठ चालेल. सगळं जमलं की बरणी उघडा, चाळून वाटीत टाका आणि लगेच फोटो.

धागाकर्ती:
वाचून दाखवलं. सासूबाई म्हणतायत, चाळण्या आमच्याकडे चार आहेत, त्याला म्हणावं फ्रिज तेवढा दिसू देऊ नको.