मराठी रहस्यकथा शोधताना लेखकाच्या नावावर जाऊ नका, नायकाच्या नावावर जा

(वाचकांच्या चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

आडवाचक

‘दुनियादारी’ सिनेमा २०१३ साली आला. तेव्हापासून एक प्रकार सारखा दिसतो. नवा वाचक सुहास शिरवळकर हे नाव टाकून जे मिळेल ते मागवतो, हातात दारा बुलंदचं पुस्तक पडतं, पंचवीस-तीस पानांत ते मिटतं आणि ‘शिरवळकर उगाच डोक्यावर घेतलेत’ असा निकाल लागतो. यात लेखकाचाही दोष नाही, वाचकाचाही नाही. शोधायची पद्धत चुकते.

‘दुनियादारी’ ही कॉलेजातल्या पोरांची कादंबरी आहे, मालिकेतली नाही. दारा बुलंद म्हणजे साहस आणि मारधाड. बॅरिस्टर अमर विश्वास म्हणजे वकिली डावपेच. मंदार पटवर्धन आणि फिरोज इराणी यांच्या मालिका आणखी वेगळ्या. लेखक एक, पण प्रत्येक नायकामागे वेग वेगळा, भाषा वेगळी आणि वाचकाशी केलेला करारही वेगळा.

बाबूराव अर्नाळकरांच्या बाबतीत तर लेखकाच्या नावाला काही अर्थच उरत नाही. गिनेस बुकातली नोंद १९३६ ते १९८४ या काळातल्या १०९२ छोट्या रहस्यकथांची आहे. म्हणजे सरासरी महिन्याला जवळपास दोन पुस्तकं. त्यात ‘कुठून सुरुवात करू?’ या प्रश्नाला लेखकाचं नाव हे उत्तर होऊच शकत नाही. दुष्टांना लुबाडणारा दिलदार बदमाश हवा असेल तर झुंजार घ्या. मुखवट्याआडचा माणूस हवा असेल तर काळा पहाड. सुगावे आणि तर्क हवे असतील तर धनंजय आणि छोटू. गुरुनाथ नाईकांचं लेखनही हजाराच्या वर गेलेलं. तिथेही कॅप्टन दीप, गोलंदाज, शिलेदार यांपैकी एकाला धरून चाला.

माझी पद्धत सांगतो. एका नायकाची तीन पुस्तकं घ्या, शक्यतो लेखनाच्या वेगवेगळ्या काळांतली. एकावर मत बनवू नका, कारण महिन्याला दोनच्या वेगात काही पुस्तकं पातळ होणारच. तीन वाचून झाली की साचा कुठला आणि लेखकाची करामत कुठली हे वेगळं दिसायला लागतं. तिन्ही आवडली नाहीत तर नायक बदला, लेखक बदलू नका.

रातकिडा

साफ असहमत. तुमची पद्धत पॉकेटबुकांच्या मालिकांपुरती ठीक आहे. भयकथेत ती पहिल्याच पावलाला अडखळते.

नारायण धारपांचा समर्थ हा मालिकेतला नायक, बरोबर. पण फक्त समर्थावरून धारप शोधणाऱ्याच्या हाती त्यांचा सगळ्यात सुरक्षित भाग लागतो. समर्थ आला की संकट टळणार हे वाचकाला ठाऊक असतं, त्यामुळे भीतीला तिथे कुंपण पडतं. धारपांची खरी ताकद दिसते ती समर्थ नसतो तिथे, ‘लुचाई’ किंवा ‘चेटकीण’मध्ये. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत तर मालिकेचा नायकच नाही. ‘खेकडा’ किंवा ‘कबंध’ वाचणाऱ्याला कुठल्या नायकाचं नाव सांगणार?

भयकथेत लेखकाचा आवाज हीच खूण असते. धारप घरातल्या साध्या गोष्टींपासून सुरू करतात: नवीन भाड्याची जागा, जिना, माळा, वरची बंद खोली. निम्मं पुस्तक होईपर्यंत घडतं फार थोडं, पण प्रत्येक परिच्छेदात एक तपशील जागचा हललेला असतो. मतकरींची पद्धत वेगळी. भीती बाहेरून येत नाही, ती माणसाच्या हेव्यातून, लालसेतून, अपराधातून उगवते, आणि शेवटच्या वाक्यात आधीचं सगळं फिरतं. म्हणून मतकरींची कथा एका बैठकीत वाचावी लागते आणि धारपांची कादंबरी दोन रात्री पुरवावी लागते. मतकरींचा अख्खा संग्रह सलग वाचणं ही नव्या वाचकाची नेहमीची चूक. चौथ्या कथेपासून तो शेवट ओळखायच्या मागे लागतो आणि कथा हातची जाते. एका दिवशी एकच कथा.

शिवाय सुरुवात कादंबरीने का करायची? पंधरा-वीस पानांच्या कथेत लेखक कळतो. जुन्या ‘नवल’चे आणि ‘धनंजय’चे दिवाळी अंक मिळवा. एका अंकात डझनभर लेखक भेटतात, आवडलेल्या दोघांच्या मागे जा. ऋषिकेश गुप्त्यांसारख्या आजच्या लेखकाकडेही याच वाटेने जाता येतं, आधी कथा, मग ‘दंशकाल’ ही कादंबरी.

सव्वा आठची लोकल

दोघेही एक गोष्ट टाळताय. यातलं बरंचसं रूपांतर आहे. झुंजारच्या मागे लेस्ली चार्टरिसचा सेंट आहे, काळ्या पहाडामागे ब्रूस ग्रॅमचा ब्लॅकशर्ट, धनंजय-छोटूमागे होम्स आणि वॉटसन. ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर उभी आहे. आज ही सगळी मूळ पुस्तकं सहज मिळतात. मग इंग्रजी येणाऱ्या वाचकाने दुसऱ्या हातचं का वाचायचं? आणि मूळ लेखकाचं नाव मुखपृष्ठावर नसेल तर त्या पुस्तकाला ‘शोध’ तरी कसं म्हणायचं?

हा प्रश्न चिल्लर नाही. नवा वाचक धारपांची कल्पनाशक्ती म्हणून ज्याचं कौतुक करतो त्यातला सांगाडा किंगचा असतो. कौतुक योग्य पत्त्यावर पोचलं पाहिजे.

रातकिडा

श्रेय नोंदवायलाच हवं, यावर वाद नाही. नव्या आवृत्त्यांत प्रकाशकांनी एक पान त्यासाठी द्यावं, प्रत्येक पुस्तकात. पण ‘दुसऱ्या हातचं’ हे मान्य नाही. ‘तुंबाड’ (२०१८) चं उदाहरण घ्या. त्या सिनेमातल्या म्हातारीमागे धारपांची ‘आजी’ ही कथा आहे, आणि ‘आजी’मागे किंगची ‘ग्रॅमा’. गाभा एकच: घरात एकटं पोर आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली म्हातारी. पण मराठी घरात आजी म्हणजे गोष्ट सांगणारी, कुशीत घेणारी. तिच्याच खोलीत जायची भीती वाटणं ही वेगळ्या जातीची भीती आहे. दिग्दर्शक राही बर्वे ‘ग्रॅमा’वरून ‘तुंबाड’पर्यंत पोचले नाहीत, ‘आजी’वरून पोचले. मधल्या पायरीने काहीच भर घातली नसती तर पुढची पायरी आली नसती.

उपाय सोपा आहे. जोडीने वाचा, आधी मराठी, मग मूळ. उलट क्रमाने वाचलं तर तुम्ही फक्त काय काय गाळलं ते मोजत बसता. मराठी आधी वाचलं तर लेखकाने काय घातलं तेही दिसतं.

आडवाचक

रूपांतर ओळखायच्या काही खुणा लिहून ठेवतो. वकिलाच्या ऑफिसात मृत्युपत्र वाचायला जमलेले नातेवाईक, मुंबईत ओव्हरकोट, एकट्या श्रीमंत म्हाताऱ्याचा आडवाटेवरचा बंगला, आणि बटलरसारखा वागणारा नोकर. एवढ्याने सिद्ध काहीच होत नाही, कारण पुढच्या लेखकांनी हे सामान मराठी पुस्तकांतूनच उचललं. पण तीन खुणा एकत्र आल्या तर मूळ शोधायला हरकत नाही.

आणि ही परंपरा पॉकेटबुकांच्या बरीच आधीची आहे. गो. ना. दातारांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांमागे इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स आहेच. त्यामुळे एकट्या अर्नाळकरांना आणि धारपांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

कपाट क्रमांक सात

वाद चांगला चाललाय, पण पुस्तक हातात कसं येतं हे कोणीच बोलत नाही. ‘नायकावरून शोधा’ म्हणणं सोपं. ग्रंथालयाच्या नोंदवहीत नायकाचा रकाना नसतो. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, दाखल क्रमांक, एवढंच. त्यामुळे आडवाचक यांची पद्धत आहे तशी चालणार नाही.

आधी नावं. संगणकावरच्या यादीत फक्त आडनाव टाका. बाबूराव आणि बाबुराव, गुरुनाथ आणि गुरूनाथ अशा दोन्ही नोंदी सापडतात, आणि यंत्राला ती दोन माणसं वाटतात. ळ ऐवजी ल असलेली नोंदही तपासा: अर्नालकर, शिरवलकर. यादी रोमन लिपीत असेल तर आडनावाची पहिली चार अक्षरं टाकून खाली उतरत जा.

मग तारीख. पॉकेटबुकांवर प्रकाशनवर्ष पुष्कळदा नसतं किंवा ते पानच फाटलेलं असतं. अंदाज असा बांधायचा:

किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी आली. ‘न. पै.’ (नवे पैसे) छापलं असेल तर १९५७ ते १९६४.

प्रकाशकाचा पत्ता ‘मुंबई ४’ किंवा ‘पुणे ३०’ असा असेल तर छपाई बहुधा १९७२ च्या आधीची. ‘मुंबई ४००००४’ असं सहा आकडी असेल तर नक्की नंतरची, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ही खूण एकाच बाजूने पक्की आहे, जुन्या सवयीने पुढेही काही वर्षं लहान आकडा छापला गेला.

मजकुरात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘त्यानें’ असे अनुस्वार असतील तर अक्षरजुळणी १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची किंवा त्या सुमाराची.

फसगत कुठे होते? जुन्या पानांचे फोटो घेऊन ऑफसेटने पुन्हा छापलेल्या आवृत्तीत अनुस्वार जुने आणि पत्ता नवा असतो. अशा वेळी पानाच्या मागच्या बाजूवर बोट फिरवा. खिळ्यांच्या छपाईत अक्षरांचा उठाव बोटाला लागतो, ऑफसेटचं पान सपाट असतं. जुने अनुस्वार, उठाव आणि सहा आकडी पिन एकत्र असतील तर मुखपृष्ठच नंतर चढवलेलं असण्याची शक्यता धरा.

प्रत हाताळताना पुस्तक पूर्ण उलगडून सपाट करू नका. वर्तमानपत्री कागद आम्लामुळे पिवळा पडून कडक होतो आणि कण्याजवळ तुटतो. गंजलेल्या पिना नखाने उपसू नका, भोकाभोवतीचा कागद सोबत येतो.

आडवाचक

नोंदवहीत नायक नसतो हे मान्य, पण पुस्तकातच यादी असते. पॉकेटबुकांच्या शेवटच्या पानावर किंवा मलपृष्ठावर ‘याच लेखकाची इतर पुस्तके’ अशी जाहिरात बहुधा सापडते आणि ती पुष्कळदा नायकवार लावलेली असते. त्या पानाचा फोटो काढा, नावं वहीत उतरवा, मग तीच नावं घेऊन तुमच्या नोंदवहीकडे या. एका नायकाची दोन-तीन पुस्तकं मिळाली की त्यांच्या मागच्या पानांवरून उरलेली यादी जवळपास पुरी होते.

यक्षप्रश्न

विज्ञानकथेला तुम्ही सगळ्यांनीच वगळलंत. तिथे ना नायक चालतो ना दिवाळी अंकातली चव. तिथे सालच पाहावं लागतं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली, ‘कृष्णविवर’, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक निघाले जयंत विष्णु नारळीकर, स्वतःची आद्याक्षरं उलटी लावून. नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून हे केलेलं. लेखकाच्या नावावर जाऊ नका, या म्हणण्याला याहून चांगला आधार नाही.

पण पुढे तुमची वाट सोडावी लागते. कृष्णविवर ही कल्पना १९७४ च्या मराठी वाचकाला किती नवी होती हे ध्यानात घेतलं नाही तर कथेत समजावून सांगण्याचा भाग आज लांबण वाटेल. म्हणून आधी ‘यक्षांची देणगी’ (१९७९), मग ‘प्रेषित’, मग ‘व्हायरस’. पाठोपाठ लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर. जावडेकरांपर्यंत आलात की विज्ञान समजावणं कमी आणि माणसांची कोंडी जास्त, हा बदल आपोआप दिसतो. उलट क्रमाने वाचलं तर नारळीकर कोरडे वाटतात, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे.

सव्वा आठची लोकल

साल महत्त्वाचं असेल तर ते शृंगारकथेलाही लागू आहे, आणि तिचं नाव या धाग्यात कोणी घेतलेलंच नाही. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. तो निकाल वाचा, मग कथा वाचा. त्या काळात छापील मराठीत किती चालत होतं याचं माप मिळतं.

रूपांतराबद्दल रातकिडा यांची ‘जोडीने वाचा’ ही सूचना घेतो, पण क्रमाबद्दल नाही. मूळ आधी वाचणाऱ्याला रूपांतरकाराचं कसब जास्त दिसतं, कारण कुठे काय बदललं हे त्याला त्याच क्षणी कळतं. मराठी आधी वाचणाऱ्याला ते सगळं मागाहून, आठवणीतून जुळवावं लागतं.

रातकिडा

कसब दिसेल, भीती वाटणार नाही. भयकथा एकदाच पहिल्यांदा वाचता येते. ती पहिली वेळ मी धारपांना देईन.

कपाट क्रमांक सात

या पुस्तकांच्या पीडीएफ शोधणाऱ्यांसाठी एकच. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइटचे हक्क राहतात. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, धारप २००८ मध्ये. म्हणजे अनुक्रमे २०५६ आणि २०६८ च्या अखेरपर्यंत त्यांची पुस्तकं परवानगीशिवाय चढवता येत नाहीत. धारपांच्या नव्या आवृत्त्या साकेत प्रकाशनाकडे पाहा. जुने कादंबरीकार नाथमाधव १९२८ मध्ये गेले आणि दातार १९४१ मध्ये. त्यांचं लेखन केव्हाच मोकळं झालंय, ते खुशाल स्कॅन करा. फक्त कणा दाबू नका, पुस्तक नव्वद अंशांवर उघडून एकेक पान टिपा.