मदत हवी आहे: नवीन फ्रिज रात्रभर आवाज करतो (नाशिक)

गोदाकाठची:
नवीन फ्रिज घेऊन बारा दिवस झाले. रात्री मधूनच टक् टक् होतं, मग आत कुणी घटाघटा पाणी पितंय असं गुळगुळ, आणि पहाटे तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं चर्रर्र. कंपनीचा माणूस भर दुपारी आला, पाच मिनिटं कान लावला, ‘नॉर्मल आहे’ म्हणाला आणि सही घेऊन गेला. आईची झोप उडालीये. जुना फ्रिज १९ वर्षं चालला, असा आवाज कधी केला नाही. बदलून मागू का? लवकर सांगा, दुकानदाराने रविवारपर्यंतच मुदत दिलीये.

थंडा_कप्पा:
सिंगल डोअर की डबल? इन्व्हर्टर आहे का? एवढं तरी लिहा.

सिडकोकर:
स्टॅबिलायझर लावा. आमचा कॉम्प्रेसर उन्हाळ्यात घोरायचा, स्टॅबिलायझर लावल्यावर गप्प झाला.

थंडा_कप्पा:
व्होल्टेजचा आणि गुळगुळीचा काय संबंध? इन्व्हर्टर फ्रिजला बहुतेक ठिकाणी वेगळा स्टॅबिलायझर लागतच नाही.

सिडकोकर:
लागत नाही हे दुकानात सांगतात. आमच्या गल्लीत संध्याकाळी दिवे मंद होतात, ते येऊन बघा.

गोदाकाठची:
डबल डोअर, बर्फ साचत नाही तो. वर इन्व्हर्टर लिहिलंय. आवाजाचं सांगा ना कुणीतरी.

सातपूर_मेकॅनिक:
ताई, २२ वर्षं हेच काम करतो. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालायचा आणि गार झालं की पूर्ण बंद पडायचा, म्हणून मधे शांतता असायची. इन्व्हर्टरचा वेग कमी-जास्त होतो. तो हळू पण जास्त वेळ चालतो. गुळगुळ म्हणजे नळ्यांतून फिरणारा गॅस, कॉम्प्रेसर थांबला की जास्तच ऐकू येतो. टक् म्हणजे आतलं प्लॅस्टिक गारव्याने आकसतं, परत फुगतं. चर्रर्र डीफ्रॉस्टचं. कॉइलवरचा बर्फ हीटर वितळवतो, थेंब तापलेल्या हीटरवर पडतात. तेच पाणी पुढे मागच्या ट्रेमध्ये जाऊन आपोआप सुकतं. या तिन्हींसाठी बदलून मागू नका. पण सतत भर्रर्र असा आवाज असेल तर गोष्ट वेगळी. आहे का?

पिंपळगावची_बाग:
बाजूचा पत्रा गरम लागला तरी घाबरू नका, गरम नळ्या हल्ली आतूनच असतात. आणि द्राक्षं धुऊन ठेवू नका, खायच्या वेळी धुवा. ओली ठेवली की देठाशी बुरशी धरते.

गोदाकाठची:
भर्रर्र आहे! लिहायचं राहिलं. किचनमध्ये जागा नाही, फ्रिज हॉलमध्ये आईच्या उशाशी आहे.

थंडा_कप्पा:
अहो, हे पहिल्यांदा सांगायचं! कशावर ठेवलाय?

गोदाकाठची:
जुन्याच फ्रिजच्या प्लॅस्टिक स्टँडवर.

सातपूर_मेकॅनिक:
जुना सिंगल डोअर असणार. त्याचं माप वेगळं, वजन वेगळं. आज भर्रर्र सुरू असताना एकेका बाजूला तळहात दाबून बघा.

गोदाकाठची:
रात्री पावणेबाराला बघितलं. डावीकडे हात दाबला की थांबतं, सोडला की परत सुरू. टॉर्च मारली तर स्टँडचा मागचा डावा पाय फरशीला टेकतच नाही, खालून दुहेरी घडीचा पेपर सहज सरकला. दादा उद्या येतोय, दोघं मिळून उतरवतो.

सिडकोकर:
तरी स्टॅबिलायझर लावूनच ठेवा.

सातपूर_मेकॅनिक:
आधी आतलं सगळं काढा. उतरवताना आडवा करू नका, उभाच धरा. स्टँडशिवाय फरशीवर ठेवा, पुढचे पाय फिरवून पुढची बाजू किंचित उंच करा म्हणजे दार आपोआप लागेल. मागे चार बोटं जागा सोडा. भर्रर्र जाईल. गुळगुळ जाणार नाही, तेव्हा आईंचं उसं दुसऱ्या भिंतीकडे करा.