‘डाउन’ला खेप म्हणावं का? कॉलेज फुटबॉलच्या शब्दांवर शब्दचर्चा

धागाकर्ती (ॲन आर्बर) :

मराठी विकिपीडियावर आम्ही पाच-सहा जण मिळून अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं दालन, म्हणजे त्या विषयाची सगळी पानं एकत्र गाठून देणारं पान, उभं करतोय. कोणी संघांची पानं लिहितं, कोणी हंगामांचे तक्ते भरतं, एक जण नुसते साचे दुरुस्त करतो. इंग्रजी विकिपीडियावर हे काम कितीतरी वर्षं चालू आहे. तिथे एकेका विद्यापीठाच्या एकेका हंगामाला स्वतंत्र लेख मिळतो, त्यामुळे माहितीची वानवा नाही. आम्ही अडतो ते शब्दांपाशी.

परवा धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लिखाणाच्या पानावर, मी एक वाक्य लिहिलं, ‘तिसऱ्या डाउनवर सात यार्ड बाकी असताना मिशिगनने चेंडू फेकला.’ आमची पानं पुण्यात बसून माझी आई वाचते, ऱ्हस्व-दीर्घ तपासते. तिने विचारलं, ‘डाउन म्हणजे कोण खाली पडलं?’ प्रश्न रास्त होता. हा सगळा खेळ ज्या शब्दावर उभा आहे तोच तिला कळला नव्हता, आणि मी तो देवनागरीत लिहून मोकळी झाले होते.

नियम असा आहे. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार डाउन, म्हणजे पुढे सरकायच्या चार चाली, मिळतात. तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकलं तर पुन्हा नवे चार, नाहीतर चेंडू समोरच्यांना. हे आधी नव्हतं. १८८१ साली येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या सामन्यात एका संघाने अख्खा पूर्वार्ध चेंडू स्वतःकडे दाबून ठेवला, दुसऱ्याने अख्खा उत्तरार्ध. गोल कुणाचाच झाला नाही, प्रेक्षक वैतागले. मग येलच्या वॉल्टर कॅम्प यांनी पुढच्या वर्षी नियम करवून घेतला की तीन डाउनमध्ये पाच यार्ड तरी पुढे जा, नाहीतर चेंडू सोडा. १९०६ मध्ये पाचाचे दहा यार्ड झाले आणि १९१२ मध्ये तिनाचे चार डाउन. शब्द आला तो चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडलं की ‘डाउन’ अशी हाक व्हायची त्यावरून. म्हणजे मुळात ती चाल संपल्याची हाक होती, आणि हळूहळू त्या चालीचंच ते नाव झालं.

आता मराठीत काय लिहू? ‘डाव’ कानाला जवळचा आहे, पण ‘पहिला डाव’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कसोटी सामना उभा राहतो. ‘प्रयत्न’ चालेल, पण ‘चौथ्या प्रयत्नात यश’ हे एमपीएससीच्या निकालाच्या बातमीसारखं वाटतं. ‘पाळी’ नको. ‘संधी’त मोजणी नीट बसत नाही.

मला सुचलेला शब्द ‘खेप’. आजी म्हणायची, ‘विहिरीच्या चार खेपा केल्या तेव्हा हंडे भरले.’ ओझं घेऊन एकदा जाऊन यायचं ती खेप, आणि ‘पहिल्या खेपेला’ म्हणजे पहिल्या वेळी. या शब्दात ओझं वाहणं आहे, आकडा आहे, आणि एका खेपेत काम भागलं नाही तर पुढची करावी लागते हेही आहे. ‘तिसरी खेप, सात यार्ड बाकी.’ मोठ्याने म्हणून बघा. तुम्हाला कसं वाटतं?

आणखी काही शब्द आम्ही तात्पुरते ठरवलेत. ‘प्ले’ला चाल, सलग चालींनी पुढे जाण्याला आगेकूच, ‘टॅकल’ला कबड्डीतली पकड. ‘हडल’ला मात्र मी अजिबात न थांबता ‘कोंडाळं’ लिहिलं. खेळाडू डोक्याला डोकी लावून गोल उभे राहतात आणि पुढची चाल ठरवतात, ते कोंडाळंच आहे. त्यामागची हकिकत मला फार आवडते. वॉशिंग्टनमध्ये गॅलॉडेट ही कर्णबधिर विद्यार्थ्यांची संस्था आहे. तिथले खेळाडू एकमेकांशी खाणाखुणांनी बोलत, आणि समोरच्या संघालाही खुणांची भाषा येत असेल तर तो आपली चाल वाचेल म्हणून ते गोल करून हात झाकून घेत. १८९० च्या दशकातल्या या प्रथेचं श्रेय तिथला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या चाली चालवणारा खेळाडू, पॉल हबर्ड याला देतात. ‘कोंडाळं’मध्ये बाहेरच्याला आत डोकावता येत नाही असा भाव आहे, तोच इथे हवा आहे.

चाल सुरू होताना दोन्ही संघ जिच्या दोन बाजूंना उभे राहतात त्या ‘लाइन ऑफ स्क्रिमेज’ला मी ‘चकमकरेषा’ केलं आहे, कारण स्क्रिमेज हा चकमक या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचाच बदललेला उच्चार आहे. यावर मात्र माझा फार भरवसा नाही.

कोल्हापूरकर :

ताई, आधी एक सांगतो, रागावू नका. तुम्ही दालनाचं नाव ‘कॉलेज फुटबॉल’ ठेवलंय. आमच्याकडं फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध दिलबहार, आणि पेठेत दोन दिवस दुसरा विषय नाही. गोव्यातलं कोणी वाचेल त्याचंही तसंच होणार. पायानं खेळतात तो फुटबॉल. हातात धरून पळायचा खेळ त्याच नावानं लिहिला तर आमची पोरं ते पान उघडून बुचकळ्यात पडतील. पहिल्याच ओळीत ‘अमेरिकन’ हवंच.

बाकी ‘पकड’ झकास. आणि एक विचारतो, ‘महाविद्यालयीन’ का नाही लिहीत?

धागाकर्ती :

दादा, रागवायचं कशाला, तुमचं बरोबर आहे. नाव ‘अमेरिकन कॉलेज फुटबॉल’ करते. गंमत म्हणजे या खेळाचा पहिला सामना म्हणून जो सांगतात, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन, ६ नोव्हेंबर १८६९, त्यात प्रत्येक बाजूला पंचवीस खेळाडू होते, चेंडू गोल होता आणि तो उचलून पळायला बंदी होती. त्या दिवशी ते नाव तुमच्या अर्थानेच खरं होतं. खेळ बदलत गेला, नाव तसंच राहिलं.

‘महाविद्यालयीन’ मी आधी लिहिलं होतं आणि खोडलं. आपल्याकडे महाविद्यालय हे विद्यापीठाला संलग्न असतं. ‘महाविद्यालयीन स्पर्धा’ म्हटलं की फर्ग्युसन विरुद्ध एसपी असं चित्र मनात येतं. इथे मैदानात उतरतो तो अख्ख्या विद्यापीठाचा संघ. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची क्षमता १,०७,६०१ आहे. शनिवारी सामना असला की आमच्या गल्लीत सकाळी आठपासून गाड्या लावायला जागा नसते. पण ‘विद्यापीठीय फुटबॉल’ लिहिलं तर इथे कुणीही न वापरलेला शब्द होतो. आणि ‘कॉलेज’ हा मराठीच शब्द आहे की आता! आपण ‘महाविद्यालयात जाते’ असं घरात कधी म्हणतो?

निवृत्त भूकरमापक :

खेप या शब्दाला माझं अनुमोदन. चौतीस वर्षं शेतं मोजली, म्हणून एका गोष्टीची भर घालतो. नातवाबरोबर हा खेळ टीव्हीवर पाहिला. दहा यार्ड झाले की नाही याबद्दल शंका आली की दोन माणसं नारिंगी काठ्या आणि मध्ये साखळी घेऊन मैदानात येतात. सगळं स्टेडियम गप्प. एक काठी मागे रोवली, साखळी ताणली, पंच वाकून बघतो की चेंडूचं नाक पुढच्या काठीला लागलं का. मला एकदम बांधावर उभा असल्यासारखं वाटलं. दोन्ही भावकीतले लोक असेच श्वास रोखून साखळीकडे बघत असत.

दहा यार्ड म्हणजे तीस फूट. आमची साखळी तेहतीस फुटांची, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा. तेव्हा ‘चेन’ला साखळीच लिहा. ती धरणाऱ्यांना ‘साखळीवाले’. जुन्या कागदांत ‘जरीब’ सापडेल, पण आजच्या मुलांना तो कळायचा नाही, उगाच घालू नये.

चकमकरेषेबद्दल मतभेद आहे. रेषेचं नाव ती कुठून जाते त्यावरून असावं. ही रेषा प्रत्येक चालीला चेंडूबरोबर सरकते. मग ‘चेंडूरेषा’ म्हणा. वाचणाऱ्याला व्याख्या शोधावी लागणार नाही.

धागाकर्ती :

काका, ‘चेंडूरेषा’ घेतला. चकमकीत मी शब्दाच्या कुळाकडे बघत बसले आणि मैदानाकडे बघायचं राहिलं. तुमचा साखळीचा परिच्छेद तुमची परवानगी असेल तर आमच्या चर्चा पानावर ठेवते.

एक विद्यार्थिनी, मुंबई :

ताई, ‘खेप’ मला नवीन होता, पण कळला लगेच. तरी एक अडचण दिसते. इंग्रजीत ‘फर्स्ट डाउन’चे दोन अर्थ आहेत ना? एक म्हणजे चारांतली पहिली. दुसरा म्हणजे दहा यार्ड पूर्ण झाले, आता नव्याने सुरुवात. समालोचक दोन्हीकडे एकच शब्द वापरतो. ‘पहिली खेप मिळाली’ असं लिहिलं तर काहीच समजत नाही.

अजून एक, ‘रेडशर्ट’ला काय केलंय?

धागाकर्ती :

बाळा, अगदी नेमकं पकडलंस. यावर आम्ही रविवारी तासभर बोललो. उत्तर आईने दिलं, ‘पल्ला गाठला’ म्हणा. दहा यार्डांचा पल्ला गाठला, पुन्हा पहिली खेप. इंग्रजीने एका शब्दात कोंबलेले दोन अर्थ मराठीत वेगळे होतात आणि वाचकाचं भलंच होतं. आणि चौथ्या खेपेलाही पल्ला गाठता आला नाही, चेंडू गेला, तर? आई म्हणाली, ‘मग तो हेलपाटाच झाला.’ तक्त्यात ‘हेलपाटा’ लिहिणार नाही, पण सामन्याच्या वर्णनात नक्की वापरेन.

टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलक्षेत्रात नेऊन गुण मिळवण्याला, मात्र हात लावला नाही. तो शब्द इंग्रजीतच आता शब्दशः खरा नाही. रग्बीत चेंडू जमिनीला टेकवावा लागतो, इथे तो टेकवायची गरज नाही, गोलक्षेत्राची रेषा ओलांडली की झालं. १८८३ च्या गुणपद्धतीत टचडाउनला दोनच गुण होते आणि त्यानंतरच्या किकला चार. टचडाउनचे सहा गुण १९१२ पासून. जो शब्द त्याच्या घरीच अर्थ सोडून नाव झाला आहे त्याचं भाषांतर करून आपण वाचकाला चुकीचंच शिकवू.

रेडशर्टचंही तसंच आहे. नेब्रास्काच्या एका खेळाडूने १९३७ साली सामने न खेळता नुसता सराव करायचं ठरवलं, त्याला सरावाला लाल शर्ट दिला गेला, त्यावरून शब्द आला असं सांगतात. ‘लाल सदरा’ लिहिलं तर हाती काहीच लागत नाही. हा खेळाडू संघात असतो, सराव करतो, पण हंगामात फार तर चार सामने खेळतो (२०१८ च्या नियमाआधी एकही नाही), म्हणून खेळण्याच्या चार वर्षांतलं त्याचं एक वर्ष खर्च होत नाही. आपण परीक्षेच्या वेळी म्हणतो ना, ‘वर्ष वाया गेलं’, ‘वर्ष वाचलं’? तेच धरून ‘त्याने वर्ष राखलं’ असं लिहितो, आणि पहिल्यांदा येईल तिथे रेडशर्ट हे नाव देतो.

नाशिकचा एक वाचक :

‘दालन’ शब्द का? इंग्रजीत पोर्टल आहे, म्हणजे दार. दालन म्हणजे खोली. सरळ पोर्टलच ठेवा, सगळ्यांना कळतो.

धागाकर्ती :

इतर कुठल्या विषयाला मी कदाचित हो म्हटलं असतं. या विषयाला नाही, कारण कॉलेज फुटबॉलमध्ये ‘पोर्टल’ शब्द आता दुसऱ्याच कामाला लागलाय. ऑक्टोबर २०१८ पासून खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर त्याचं नाव ‘ट्रान्सफर पोर्टल’ नावाच्या यादीत घातलं जातं, आणि मग बाकीचे प्रशिक्षक त्याच्याशी बोलू शकतात. इथे कोणी ‘तो पोर्टलमध्ये गेला’ म्हणालं की त्याचा अर्थ, तो संघ सोडतोय. आमच्या पानावर ‘कॉलेज फुटबॉल पोर्टल’ अशी पाटी लावली तर जाणकार वाचकाला वाटेल, इथे संघ सोडणाऱ्यांची यादी आहे.

त्या ट्रान्सफरला ‘बदली’ही लिहिता येत नाही, कारण बदली खेळाडू म्हणजे राखीव बाकावरून येणारा. आमच्यातल्या एकाने पक्षांतराच्या चालीवर ‘संघांतर’ केलं. मला ते पटलं. पक्षांतराला जो वाईट वास आहे तो इथे येतो का, एवढं मात्र बघायला हवं. मुलं बरेचदा नुसती खेळायला मिळावं म्हणून जातात.

आणि दालन हा शब्द मराठी विकिपीडियाचा स्वतःचा आहे. चावडी, धूळपाटी, साचा, प्रचालक, हे सगळे शब्द कोणीतरी आपल्यासारख्याच हौशी माणसांनी बसून निवडले. सँडबॉक्सला ‘वाळूची पेटी’ न म्हणता जिच्यावर पोरं अक्षरं गिरवायची ती धूळपाटी आठवली, त्या माणसाला मी मनापासून मानते. दालनही असाच. दारात उभं राहून काय करायचं, माणसाने आत यावं, इकडेतिकडे बघावं. शब्द फारसी आहे, पण वाड्यांतून आणि मंत्रालयातून तो इतका रुळलाय की परका वाटत नाही.

कोल्हापूरकर :

पटलं. आता ‘बाउल’चं सांगा. बाऊल म्हणजे आम्हाला बंगालचे गाणारे फकीर. रोझ बाउल म्हणजे गुलाबाचे फकीर का?

धागाकर्ती :

दादा, तो घोळ आहे खरा. येलने १९१४ साली वाडग्याच्या आकाराचं स्टेडियम बांधलं, कॅलिफोर्नियात पॅसाडिनाला १९२२ साली तसंच दुसरं, रोझ बाउल, झालं, आणि स्टेडियमचं नाव तिथल्या हंगामाअखेरच्या सामन्याला चिकटलं. सामना त्याहून जुना, १ जानेवारी १९०२ चा. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० हरवलं होतं. नंतर वाडगा नसलेल्या मैदानांवरचे सामनेही ऑरेंज बाउल, शुगर बाउल झाले. ‘वाडगा’ करता येत नाही, उच्चाराप्रमाणे ‘बोल’ लिहिलं तर ‘रोझ, बोल’ असं वाचलं जातं. म्हणून ‘बाउल सामना’ अशी जोडी कायम ठेवतोय. ‘सामना’ जोडला की फकीर कुणाला आठवणार नाहीत.

निवृत्त भूकरमापक :

‘फंबल’ राहिला. मी ‘चेंडू सुटला’ सुचवतो. झेल सुटतो तसा चेंडू सुटतो.

धागाकर्ती :

काका, घेतला. पण समोरच्याने मुद्दाम हाताने ठोसून पाडला तर? तेव्हाही सुटलाच म्हणायचं, की ‘सोडवला’? मी या शनिवारचा सामना बघून, तक्त्यात दोन्ही लिहून बघते आणि इथेच कळवते.