बी राखणाऱ्या बायका

गावठी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बी टिकवायचं म्हणजे नेमकं करायचं काय, हा प्रश्न मला जास्त आवडतो. आमच्या आजीचं सांगतो. वालाच्या भरदार शेंगा ती वेलावरच वाळू द्यायची. पोरांनी हात लावला की पाठीत धपाटा! मग बी राखेत घोळायचं, मडक्यात भरायचं, वर कडुनिंबाचा पाला, आणि तोंड शेणामातीने लिंपून टाकायचं. मिरगाच्या तोंडावर अर्धी आळी ओट्यावर हजर. आजी मापट्याने मोजून द्यायची, सुगीला दुप्पट घ्यायची. सासऱ्यांनासुद्धा सूट नव्हती म्हणे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाईंची रीतही दुप्पट परतीचीच. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी गावठी वाणांची बँकच उभी केली, आणि 'बीजमाता' हे नाव त्यांना शोभतं.

आजी गेली त्या वर्षी आम्ही दुकानातून संकरित बियाणं आणलं. मडक्यातल्या वालाची उसळ केली. मीही दोनदा वाढून घेतली.