मदत हवी आहे : पाकटांच्या पोटात काय होतं, हे नक्की कसं ठरवायचं?

किनारवाट :

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसती वाचत आले, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

एमएस्सी प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष. प्रबंधाचा विषय पाकट माशांचा (म्हणजे स्टिंग रेंचा) आहार. विषय घेताना वाटलं होतं, यात काय अवघड आहे? मासा कापायचा, पोट उघडायचं, आत जे असेल ते मोजायचं! डिसेंबरपासून दर आठवड्याला पहाटे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जाते. ट्रॉलरवरची चांगली मासळी निवडून झाली की उरलेल्या ढिगातून पाकट घेते. बहुतेक ब्रेव्हिट्रायगॉन, म्हणजे वीतभर रुंदीच्या चकतीचे. शेपटीचा काटा खलाशांनी आधीच छाटलेला असतो, तेवढं एक बरं.

आतापर्यंत ४७ मासे झाले. त्यातल्या १९ जणांचं पोट साफ रिकामं. उरलेल्यांपैकी निम्म्यांत करडा लगदा. बाकीच्यांत कोळंबीचे तुकडे, कुर्ल्यांचे पाय, स्क्विला (कोळंबीसारखाच एक कवचवाला प्राणी), दोन-चार बारीक मासे. एकाच्या पोटात मात्र १२ अख्ख्या कोळंब्या निघाल्या, अगदी आत्ता बाजारातून आणाव्यात तशा! त्या दिवशी मी लॅबमध्ये अक्षरशः ओरडले. पण आता तोच एक मासा सगळी टक्केवारी कोळंबीकडे ओढून नेतोय.

रिकामी पोटं हिशेबात धरायची का? लगद्याचं काय करायचं? ४७ पुरेत का? आणि सर म्हणतात, तुलनेसाठी मांटा रे या पाकटांच्या अवाढव्य भाऊबंदावर दोन पानं लिही. मी कुठला मांटा कापणार? तो काय खातो हे लोक शोधतात तरी कसं?

अजून एक कबुली. सगळी पोटं सरसकट १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवली आहेत. चुकलं का?

जाळंवाला :

ताई, त्या १२ कोळंब्या वाचून हसलो. रागावू नका. आम्ही ट्रॉल तीन-तीन तास ओढतो. मागच्या पिशवीत सगळी मासळी गच्च दाटलेली असते. पाकट तिथे जाऊन पडला की त्याच्या तोंडापुढे कोळंबीच कोळंबी. मरता मरता खातो बिचारा. ती त्याने तळावर खाल्लेली नाही, आमच्या जाळ्यात खाल्लेली आहे.

आणि रिकाम्या पोटाचंही तसंच. जाळं वर घेताना कितीतरी मासे पोटातलं ओकून टाकतात, आम्ही रोज बघतो. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला विचारा की ओढ किती वाजता टाकली, किती तास ओढली, किती वाव खोलीवर. सांगेल. फक्त लिलावाच्या वेळी विचारू नका, तेव्हा देवालाही उत्तर देणार नाही.

सूक्ष्मदर्शी :

जाळंवाला यांना शंभर टक्के अनुमोदन. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट एका ओळीत उरकतात, त्यांनी नीट सांगितली. घशात किंवा तोंडात सापडलेलं, अजिबात न पचलेलं भक्ष्य मोजणीतून वगळायचं आणि तसं पद्धतीच्या प्रकरणात लिहायचं. पोटातलं असेल तर पचनाची अवस्था नोंदवा : १ म्हणजे अख्खं, ४ म्हणजे लगदा. मग हिशेब दोनदा करा, अवस्था १ धरून आणि सोडून. त्या १२ कोळंब्यांनी निकाल किती हलतो ते कोष्टकातच दिसेल. परीक्षकाने विचारण्याआधी आपणच दाखवलेलं बरं.

रिकामी पोटं फेकू नका. त्यांची टक्केवारी स्वतंत्र द्या. भक्ष्याची वारंवारता (किती पोटांत ते सापडलं) मात्र भरलेल्या पोटांवरच काढा. सापेक्ष महत्त्वाचा निर्देशांक काढणार असालच : संख्येची टक्केवारी अधिक वजनाची टक्केवारी, गुणिले वारंवारतेची टक्केवारी. १९७१ पासून सगळे तोच वापरतात. तरी तिन्ही टक्केवाऱ्या सुट्या द्याच, नुसता निर्देशांक दिला की आतली गडबड झाकली जाते.

लगद्याबद्दल. तो बारीक चाळणीवर धुवा आणि चाळणीवर उरेल ते सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. कोळंबीचे डोळे टिकतात, मोजा आणि दोनाने भागा. स्क्विलाच्या शेपटीचं शेवटचं काटेरी पातं ओळखू येतं. पॉलिकीट कृमींचं मऊ अंग केव्हाच विरघळतं, पण त्यांचे काचेसारखे केस राहतात. हे नाही पाहिलं तर काय होतं? कवचवाले प्राणी दिवसभर पोटात टिकतात, कृमी लवकर नाहीसे होतात, आणि आपण लिहून मोकळे होतो की पाकट कवचधारीच खातो. माझ्या स्वतःच्या प्रबंधात हीच चूक होती, आता सांगायला हरकत नाही.

४७ पुरेत का, हे आकड्यावरून ठरत नाही. पोटांचा क्रम उलटसुलट करून, प्रत्येक पोटामागे नवे भक्ष्यप्रकार किती वाढत गेले त्याचा आलेख काढा. रेघ आडवी व्हायला लागली तर पुरेत. पण लहान आणि मोठ्या पाकटांचे आलेख वेगळे. वाढत्या वयाबरोबर आहार बदलतो, सगळे एकात मिसळले तर रेघ फसवते.

फॉर्मेलिन : मोजणीपुरतं ठीक. डीएनएसाठी मात्र ते नमुने गेल्यात जमा. इथून पुढे प्रत्येक माशाच्या चकतीतला सुपारीएवढा स्नायू वेगळा काढून थेट फ्रीझरमध्ये ठेवा. का, ते कुणी मांटावाले सांगतीलच.

भुकेला_मालवणी :

पोट तुम्ही नेता ते ठीक, बाकीच्या माशाचं काय करता? तिरफळं घालून...

किनारवाट :

@भुकेला_मालवणी, आई करते. पण लॅबमधला वास नाकात बसल्यापासून मी ताटाला शिवत नाही.

प्लवकवेडा :

हजर. मांटासाठी पोट कापावं लागत नाही, आणि कापायला मिळणारही नाही. त्यांच्या गिलप्लेट्सच्या (कल्ल्यांतल्या गाळणीच्या) व्यापारापायी २०१३ मध्ये मांटा साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेले. तेव्हा त्यांची प्रजाती (जीनस) मांटा होती, २०१७ पासून त्यांना मोब्युलात धरतात. जुने निबंध शोधताना दोन्ही नावं टाका.

मांटा गाळून खातो. डोक्यापुढची दोन शिंगासारखी पाती उलगडून पाणी तोंडात वळवतो आणि प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) गाळून घेतो. गंमत म्हणजे ही चहाची गाळणी नव्हे. २०१८ मध्ये दाखवलं गेलं की गाळणीच्या फटीपेक्षा बारीक कणसुद्धा तिच्या पात्यांवर आपटून पुन्हा प्रवाहात उसळतात आणि घशाकडे जातात. म्हणून गाळणी सहसा तुंबत नाही.

आता तुमचा मुद्दा. मांटा पृष्ठभागावर खाताना दिसतो, तर लोकांनी मानलं की तेच त्याचं जेवण. मग एक्वादोरच्या इस्ला दे ला प्लाता बेटाजवळ जिवंत महाकाय मांटांच्या स्नायूचे लहान तुकडे घेऊन कार्बन आणि नायट्रोजनची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू) मोजली. खाल्लेल्या अन्नाची छाप त्यांच्या प्रमाणात उरते, आणि अन्नसाखळीत वर जावं तसं नायट्रोजनचं मूल्य वाढतं. २०१६ च्या त्या निबंधानुसार आहाराचा मोठा वाटा खोल, मध्यस्तरातल्या पाण्यातून येतो. पूर्व ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळी मांटांवरचं २०१३ चं काम वाचा. तिथे तळालगतच्या प्लवकाकडे बोट गेलं. पोट म्हणजे शेवटचं जेवण, स्नायू म्हणजे गेले कित्येक महिने.

पोटं पाहिलेली उदाहरणंही आहेत. फिलिपाइन्समधल्या बोहोल समुद्रात पकडलेल्या मोब्युलांची पोटं तपासली, तर बहुतेकांत क्रिलच क्रिल (कोळंबीसारखे बारीक प्राणी).

तुमच्या फ्रीझरमधल्या स्नायूसाठी एक इशारा. पाकट असो वा मोरी (शार्क), यांच्या अंगात युरिया भरपूर. तो नायट्रोजनचं मूल्य खाली ओढतो आणि मासा अन्नसाखळीत आहे त्यापेक्षा खालचा वाटतो. शुद्ध पाण्याने अनेकदा धुवून, वाळवून मगच पाठवा. चरबीही काढावी लागते, ती कार्बन बिघडवते.

सूक्ष्मदर्शी :

विसरलोच होतो. ढिगात अंगभर काटेरी पण शेपटीला नांगी नसलेला पाकट दिसला तर हात लावू नका. युरोजिम्नस ॲस्पेरिमस, २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अर्थात काटे छाटून येत असतील तर शेपटीवरून खात्री होणार नाही, पाठ बघा.

किनारवाट :

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री बरण्या पुन्हा उघडल्या. लगद्याच्या पहिल्या तीन बरण्या चाळणीवर धुतल्या. दोनांत ते काचेसारखे केस आहेत. आधी मला ते कापसाचे तंतू वाटले होते आणि मी चिमट्याने उचलून टाकून दिले होते. किती टाकले, देव जाणे.

आज पहाटे तांडेलकाकांना विचारलं. ओढ रात्री दोनला टाकली, साडेपाचला काढली, १२ वाव. वहीत तीन नवे रकाने आखलेत. जुन्या ४७ माशांची ओढ कुणाच्याच लक्षात नाही, तेव्हा ते वेगळ्या कोष्टकात जातील.

@प्लवकवेडा, युरिया धुताना पाणी किती वेळा बदलायचं? आमच्या लॅबमध्ये शुद्ध पाण्याचं यंत्र आठवड्यातून दोनच दिवस चालू असतं.