जिन्यातले टाइलचे देव आणि मीटरबॉक्सचा कोपरा

सेक्रेटरीणबाई (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. विषय थुंकण्याचा आहे. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

आमची सोसायटी जुनी, चार मजली, बिनलिफ्टची. जिन्याच्या प्रत्येक वळणावर कोपऱ्यात लाल नक्षी. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण हे आमच्या जिन्याला कुणी कळवलेलं दिसत नाही. नोटीस लावून झाली. दंडाची पाटी लावली, तर कुणीतरी पाटीवरच नेम धरला. खाली कॅमेरा बसवला, तेव्हा त्यात कुठवर दिसतं याचा अभ्यास आमच्या रहिवाशांनी चार दिवसांत पूर्ण केला. एवढा अभ्यास पोरांनी दहावीला केला असता तर!

शेवटी दिवाळीच्या आधी कमिटीने अख्खी मुंबई करते तेच केलं, देवांच्या टाइल्स आणल्या. गणपती, साईबाबा, मक्का, क्रॉस, गौतम बुद्ध, गुरू नानक. दुकानात सेटच मिळतो, सर्वधर्मसमभाव डझनाच्या भावात. आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवसापासून कोपरे स्वच्छ! पण टाइल्स कमी पडल्या होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधला मीटरबॉक्सखालचा कोपरा तसाच राहिला. आता सगळ्या जिन्याचा माल तिथे जमा होतो.

थुंकणारे कोण हे सगळ्यांना माहीत आहे. त्यातले एक गृहस्थ बी विंगचे. संकष्टी कडक, अंगारकीला पहाटेपासून टिटवाळ्याच्या रांगेत. सोसायटीच्या गणपतीची आरास त्यांच्याशिवाय होत नाही. मी एकदा सरळच विचारलं. म्हणाले, "ताई, देवावर कसं थुंकणार? पाप लागेल."

"आणि मीटरबॉक्सखाली?"

"तिथे कुठे कोण आहे?"

तिथे कोण आहे ते मी सांगते. रोज सकाळी साडेसातला आमच्या सफाईवाल्या मावशी तिथे उकिडव्या बसून पत्र्याच्या तुकड्याने ते खरवडतात. हे गृहस्थ त्याच वेळी कामाला निघतात आणि त्यांना ओलांडून खाली जातात.

तर प्रश्न असा. टाइलसमोर तोंड आवरणारा माणूस चांगला वागला असं म्हणायचं का? छापील साईबाबांची भीड वाटते आणि समोर बसलेल्या बाईची वाटत नाही, ही कसली श्रद्धा? आणि दुसरा, जास्त घाईचा प्रश्न: मीटरबॉक्सखालीही टाइल लावायची का? रविवारी मीटिंग आहे.

तर्कटराव

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: लावू नका. पहिल्याचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. टाइल म्हणजे वीज न लागणारा कॅमेरा. माणूस कॅमेऱ्याला भितो, तसा देवाला भितो. यात नीती कुठे आली?

या टाइल्सवर भाविकांचाही आक्षेप असतो बरं का. भिंतीवर लघवी करू नये, थुंकू नये म्हणून देवांची चित्रं लावण्याची पद्धत बंद करा, त्याने धार्मिक भावना दुखावतात, अशी जनहित याचिका दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने ती २०२२ च्या डिसेंबरात फेटाळली. म्हणजे तुमच्या बी विंगवाल्यांना टाइल धाक वाटते आणि याचिका करणाऱ्याला तीच टाइल विटंबना वाटते.

सोनईकर

ताई, माझं आजोळ सोनई, तालुका नेवासा. शनिशिंगणापूर तिथून हाकेच्या अंतरावर. घरांना दारं नाहीत, चोरी केली तर शनिदेव बघून घेतो, हे तुम्ही ऐकलेलं असणारच. २०११ मध्ये तिथे यूको बँकेची बिनकुलपाची शाखा निघाली तेव्हा पेपरात फोटो आले होते. दार होतं, पण काचेचं.

लहानपणी मला एकच प्रश्न पडायचा. शिंगणापुरात कुलूप नाही आणि आमच्या सोनईत आजी परसात जातानासुद्धा कडी घालायची. मामाला विचारलं, शनीची नजर एवढी कडक, मग ती आपल्यापर्यंत का पोचत नाही? मामा म्हणाला, त्याची हद्द त्या गावापुरती. तुमच्या टाइलची हद्द दोन फूट, एवढाच फरक.

पण तर्कटरावांसारखं मला हे सगळं खोटं म्हणता येत नाही. त्या गावात वाढलेली माणसं मी बघितली आहेत. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात भीती शोधावी लागते. पहिल्या पिढीला धाक असेल, नातवाला ती सवय झाली. मग बाहेरची गर्दी वाढली. २०१० च्या सुमारास एका भाविकाने गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार केली आणि २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणं आलं. शनीचा धाक ज्यांनी लहानपणापासून ऐकलेला नाही, त्यांच्यावर तो कसा चालणार?

सेक्रेटरीणबाई

सोनईकर, हद्दीचं पटलं. पण सवयीचं तेवढं पटत नाही. आमच्या गृहस्थांना देवाची सवय पन्नास वर्षांची आहे. ती टाइलच्या कडेला येऊन थांबते.

खडू_डस्टर

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं मास्तरकीचं.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठात चहा-कॉफीसाठी एक डबा होता. चहा घ्या, पैसे आपणहून टाका, बघायला कुणी नाही. मेलिसा बेटसन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दरपत्रकावर एका आठवड्यात फुलांचं चित्र आणि दुसऱ्या आठवड्यात माणसाच्या डोळ्यांचं चित्र, असं आलटूनपालटून लावलं. डोळ्यांच्या आठवड्यांत जवळजवळ तिप्पट पैसे जमले. हे २००६ चं. नंतरच्या काही अभ्यासांत परिणाम इतका ठळक दिसला नाही, त्यामुळे डोळे छापून लगेच जिन्यात लावू नका. पण तुमच्या टाइलवर साईबाबा समोर बघतात, हे विसरू नका.

मला त्याहून जवळचा वाटतो तो १९७३ चा प्रिन्स्टनचा प्रयोग. डार्ली आणि बॅटसन यांनी पाद्री होण्याचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायला सांगितलं. काहींना विषय दिला बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीचा, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याचा. वाटेत एका दारात एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवलेला. ज्यांना सांगितलं होतं की वेळ आहे, त्यांतले ६३ टक्के काही ना काही मदतीला थांबले. ज्यांना सांगितलं की उशीर झालाय, त्यांतले १० टक्के. भाषणाचा विषय तीच गोष्ट असण्याने म्हणावा असा फरक पडला नाही. काही जण तर त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

ताई, तुमचे गृहस्थ साडेसातला लोकल पकडायला निघतात ना? मी त्यांची बाजू घेत नाहीये. पण ते दुष्ट आहेत की ढोंगी, यापेक्षा जिना उतरताना त्यांना काय दिसतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांना टाइल दिसते. मावशी दिसत नाहीत.

वऱ्हाडी_माणूस

राजेहो, एवढी चर्चा झाली अन् गाडगेबाबांचं नाव कोणी घेतलं नाही? आमच्या अमरावती जिल्ह्यातले बाबा. गावात आले की आधी खराटा हातात. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. कीर्तनात स्वतः सांगायचे कमी आणि लोकायलेच प्रश्न विचारायचे. देणगीच्या पैशातून देऊळ नाही बांधलं. धर्मशाळा बांधल्या, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यातलीच.

बाबांनी लोकांना पापाचं भेव दाखवलं नाही. म्हातारा माणूस आपल्या दारापुढचं झाडतो हे पाहून घरधनी आपोआप उठायचा. ही लाजच हाय, पण जित्या माणसाची लाज. तुमच्या जिन्यात खराटा मावशींच्याच हातात राहिला, तर कोणाले काऊन लाज वाटेल? एका रविवारी अध्यक्षाच्या हातात द्या.

(अवांतर: २००० साली सरकारने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं. बक्षीस होतं म्हणून गावं झाडली गेली. तो हेतू कोणता धरायचा, हे खडू-डस्टर मॅडमनी सांगावं.)

मधली_आळी

एक व्यवहाराचा मुद्दा. आमच्याकडे अशीच टाइल तडकली. आता भंगलेला देव डेब्रिजच्या गोणीत कोण टाकणार? गवंडी हात लावेना, वॉचमन लावेना. शेवटी अनंत चतुर्दशीपर्यंत ती पंपरूममध्ये होती. लावण्याआधी काढायचं कसं, ते ठरवा.

सेक्रेटरीणबाई

मीटिंग झाली. सगळ्यांचे आभार, विशेषतः तडकलेल्या टाइलचे. तो मुद्दा सर्वात जास्त चालला.

मी मावशींनाही बोलावलं होतं. त्या दाराशी उभ्या होत्या. खुर्ची द्यायचं कमिटीतल्या कुणाला सुचलं नाही. उठून दिली ती बी विंगच्या त्याच गृहस्थांनी. आता बोला.

वऱ्हाडी दादांची सूचना मांडली. अध्यक्ष म्हणाले, "मग मेंटेनन्स कशाला भरतो आपण?" विषय संपला.

मग ते गृहस्थ स्वतःच बोलले. "मीटरबॉक्सखालच्या टाइलचे पैसे मी देतो. गणपतीचीच लावा." कुणीतरी हसलं. ते नाही हसले. म्हणाले, "मावा सुटत नाही. तोंड भरलेलं असतं, लोकल चुकायची भीती असते. तिथे तो असला की मी खाली गटारापर्यंत दम धरतो, हे मला माहीत आहे." मी त्यांना इतके दिवस ढोंगी समजत होते. अजूनही पूर्ण माफ केलेलं नाही, पण हा माणूस स्वतःवरच पहारा बसवायला पैसे देतोय, त्याला काय म्हणायचं?

मावशींना विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "अजून देव नका लावू. आहेत त्यांनाच पुसताना पाय लागतो. प्रत्येकाला हात जोडायचा, मग पुढची पायरी. वेळ जातो."

त्यामुळे टाइल नाही. पैसे मात्र खजिनदारांनी घेऊन ठेवलेत. त्यातून झाकणाची पिकदाणी आणायची की ऑइलपेंट, आणि पिकदाणी आणली तर ती रोज कुणी रिकामी करायची, यासाठी पुढच्या रविवारी पुन्हा मीटिंग.