मदत हवी आहे : पुठ्ठ्याला चिकटलेलं गावार्नीचं शिळाछाप चित्र

नमस्कार मंडळी, पुण्याच्या जुन्या बाजारात एक फ्रेंच शिळाछाप (लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेलं) चित्र मिळालं. 'पॅरिसचे विद्यार्थी' या मालिकेतलं, कोपऱ्यात गावार्नी या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच व्यंगचित्रकाराची सही. कायद्याचा विद्यार्थी पलंगावर आडवा, तोंडात लांब पाइप, आणि कायद्याचा जाडजूड ग्रंथ लंगड्या टेबलाच्या पायाखाली! गावार्नी या पोरांना चिमटे काढतो, पण हिणवत नाही, म्हणून मला तो फार आवडतो. १८३५ साली फ्रान्समध्ये राजकीय व्यंगचित्रांवर सेन्सॉर बसला, तेव्हा 'ल शारिवारी' या पॅरिसच्या व्यंगचित्रांच्या दैनिकाने रोजच्या जगण्यावरची अशी चित्रं पुढे आणली.

त्या वृत्तपत्रातल्या प्रतीच्या मागे मजकूर छापलेला असतो, सुट्या विकलेल्या प्रती पाठकोऱ्या असतात. माझी प्रत कुणीतरी पुठ्ठ्यावर डकवली आहे. उजेडासमोर धरून पाहिलं, काही दिसत नाही. कडेला तपकिरी डागही पडू लागलेत, त्याची जास्त धास्ती वाटते.

पुठ्ठ्यावर डकवायला पिठाची खळ वापरली आहे की सरस, हे कसं ओळखायचं? पुणे-मुंबईत जुन्या कागदाचं काम करणारं खात्रीचं कुणी माहीत आहे का? आणि चित्राखालच्या दोन ओळी जुन्या बोलीभाषेतल्या फ्रेंचमध्ये आहेत, त्या कुणी वाचून देईल का? फोटो लगेच पाठवते. तोवर पाण्याचा थेंबही लावणार नाही.